गुंडोपंतांनी घेतलेला चपळ कुत्रा

एका जंगलात, बाळांनो, अस्वलं होती, हरणं होती, नदी होती आणि नदीच्या वळणावर अलीकडेच निघालेलं एक कुत्र्यांचं दुकान होतं.

जंगलात कुत्र्यांचं दुकान कशाला, असं विचारू नका. शहरात लोक तिसऱ्या मजल्यावर बर्फातला कुत्रा पाळतात, तेव्हा तुम्ही विचारता का?

त्या जंगलात गुंडोपंत नावाचं एक अस्वल राहायचं. गुंडोपंत सकाळी उठायचे, ते कूस बदलायला. मधाचं पोळं हाताशी असावं म्हणून त्यांनी पोळ्याच्या झाडाखालीच घर बांधलं होतं.

त्यांची बायको वेणूबाई म्हणायची, "अहो, आधी तुमचं पोट घरात येतं, मग तुम्ही."

"कुणीतरी वेळेवर येतंय ना!" गुंडोपंत म्हणायचे.

तर एकदा गुंडोपंतांना वाटलं, आपणही कुत्रा पाळावा. सगळेच पाळत होते. ते दुकानात गेले.

दुकान त्र्यंबक कोल्ह्याचं. कोल्हा लबाड असतो, असं तुम्ही ऐकलं असेल. हा नव्हता. हा प्रामाणिक होता आणि त्यामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, "दिवसभर काय करता? चालता किती?" आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवून साजेसा कुत्रा द्यायचा.

रांगेत पुढे श्रीपतराव कासव होते. ते म्हणाले, "मी तळ्यापर्यंत जातो. कधी कधी परतही येतो."

कोल्ह्याने त्यांना एक बुलडॉग दिला. बुलडॉग एका डोळ्याने जागा होता.

मग गुंडोपंतांची पाळी आली. ते खरंच सांगणार होते. पण मागे चंद्रिकाबाई सांबर उभ्या होत्या. त्या रोज नदीकाठाने पळायच्या, आणि उभ्या असतानाही पाय हलवत राहायच्या.

गुंडोपंतांनी पोट आत ओढलं. "पहाटे उठतो," ते म्हणाले. "समोरची टेकडी चढतो, उतरतो. मग अंग मोकळं होत नाही म्हणून पुन्हा चढतो."

"अय्या!" चंद्रिकाबाई म्हणाल्या.

कोल्ह्याने एकदा पोटाकडे पाहिलं, एकदा टेकडीकडे. पण गिऱ्हाइकाला खोटं पाडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने आतून एक काळापांढरा कुत्रा आणला. "बॉर्डर कॉली. मेंढ्या वळणारी जात. याला दमवलं नाहीत, तर हा तुम्हाला दमवेल."

कुत्र्याचं नाव वादळ ठेवलं. निदान नाव तरी चुकलं नाही.

वादळने घराभोवती इतक्या चकरा मारल्या, की अंगणात चर पडला. मग त्याने चटई फाडली. त्यानंतर त्याला कामाची आठवण झाली. त्याने रानकोंबड्या, घरातली पिल्लं आणि वेणूबाई यांना हाकून एका कोपऱ्यात उभं केलं.

"सासूबाईंनीसुद्धा मला असं कोपऱ्यात उभं केलं नव्हतं!" वेणूबाई कडाडल्या. "एक तर हा राहील, नाहीतर मी. मी माहेरी चालले!"

पण जाणार कशा? वादळ दारात बसला होता.

मग एके दिवशी वादळ कुंपण ओलांडून नदीवर गेला आणि सगळा पाणवठा हाकत घरी घेऊन आला. ससे, हरणं, माकडांची पोरं आणि खुद्द सरपंच हत्तीण गंगूताई.

"मी पाणी प्यायला चालले होते," गंगूताई अंगणात उभ्या राहून म्हणाल्या. "मी इथे कशी आले?"

तिथेच पंचायत बसली, कारण वादळ कुणाला जाऊ देईना. कोल्ह्याला बोलावलं.

"मी विचारलं होतं," कोल्हा हात जोडून म्हणाला. "हे रोज टेकडी चढतात. दोनदा."

सगळ्यांनी टेकडीकडे पाहिलं. टेकडीवर पायवाटसुद्धा नव्हती.

"कोण चढतं?" वेणूबाईंनी विचारलं.

कोल्हा भला होता. म्हणाला, "बोलण्यात काही चूक झाली असेल, तर सांगा. आत्ता बदलून देतो. आणखी एक बुलडॉग शिल्लक आहे."

गुंडोपंतांच्या घशाशी खरं आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. तेवढ्यात चंद्रिकाबाई म्हणाल्या, "बदलायचा कशाला? ते खरंच चढत असतील!"

"चढतोच!" गुंडोपंत म्हणाले. "हल्ली जरा पाय मुरगळला होता. उद्या जाणारच आहे."

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल पायथ्याशी जमलं. गुंडोपंत करवंदीच्या पहिल्या जाळीपर्यंत पळाले आणि बसले. "इथून देखावा छान दिसतो," ते म्हणाले.

वादळ त्यांच्याकडे बघत राहिला. इतकी मोठी, इतकी काळी आणि इतकी वाट चुकलेली मेंढी त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याचे डोळे चमकले. त्याने गुंडोपंतांच्या टाचेला हळूच दात लावले.

गुंडोपंत माथ्यावर पोचले. खाली आले. त्यांना वाटलं, संपलं. पण दुकानातलं बोलणं वादळनेही ऐकलं होतं. त्याने त्यांना पुन्हा वर नेलं.

त्या दिवसापासून हे रोज चाललं. गुंडोपंत रोज पहाटे रडायचे, आजारी पडायचे, झाडावर चढून बसायचे. वादळ खाली वाट बघायचा. हळूहळू पोट उतरलं. धाप थांबली. एका सकाळी वेणूबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "कोण हवंय आपल्याला?" मग ओळखलं आणि लाजल्या. वादळही आता दमून घरी येतो आणि चटईवर झोपतो. चटई नवी आहे.

खरं बोललेले श्रीपतराव आणि त्यांचा बुलडॉग अजून तळ्याकाठी आहेत. दोघंही सुखात आहेत. दोघांवरही शेवाळ आलं आहे.

तात्पर्य : बाळांनो, कुत्रा नेहमी आपल्या सवयींना साजेसा घ्यावा आणि दुकानात नेहमी खरं बोलावं, म्हणजे आहोत तिथेच सुखाने राहता येतं. खोटं बोलायचंच असेल, तर मात्र चार लोकांत बोलावं आणि कुत्र्याच्या कानावर पडेल असं बोलावं.