विहिरीतली लाल दवा

अकोल्याजवळच्या छावणीत ऐंशी शिपाई हगवणीनं आडवे झाले, तेव्हा आरोग्य खात्याचे डॉक्टर महादेवराव भल्या पहाटे पार्बताबाईच्या मळ्यात शिरले. लढाईचे दिवस. पंधरवड्यात पलटण ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडे निघायची होती. छावणीची भाजी याच मळ्यातून जाई, इथल्याच विहिरीवर धुतली जाई. घरच्यांची झोप कशाला मोडा, असं म्हणून डॉक्टरांनी विहिरीत पाणी शुद्ध करायची लाल दवा सढळ हातानं टाकली आणि ते शेजारच्या मळ्याकडे वळले.

उजाडल्यावर पार्बताबाईनं बादली ओढली. पाणी लालभडक!

"अवं माय वं! इहिरीत रगत!"

माणसं धावली. नवरा देवीदास अंथरुणात नव्हता आणि आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. पोलीस जमादार शालिकरामनं लगेच विहिरीत गळ सोडायला लावला.

गलका ऐकून डॉक्टर धापा टाकत परतले. "घाबरू नका! विहिरीत मीच टाकलंय."

शालिकरामनं त्यांचं मनगट धरलं. "काहून टाकलं?"

"शिपायांच्या भल्यासाठी. एव्हाना पूर्ण विरघळलं असेल."

पार्बताबाईनं हंबरडा फोडला.

तेवढ्यात अकोल्याच्या जठारपेठेत वांगी पोचवून देवीदास परतला. रडणं ऐकून त्यानं डोक्यावरचा रिकामा डाला खाली ठेवला.

"कोन मेलं वं?"

"तुमी!" ती म्हणाली, आणि मग तिला हुंदकाच आवरेना.

इतक्यात गळाला जड काहीतरी लागलं.

"मंग हे कोन हाय?" शालिकराम म्हणाला. मनगट त्यानं अजून सोडलं नव्हतं.

वर आलं एक पोतं. आत कुजकं मटण, वर छावणीच्या मुदपाकखान्याचा शिक्का. कचरा लांबच्या खड्ड्यात न्यायचा कंटाळा करून छावणीच्या गाडीवानानं वाटेतली विहीर गाठली होती.

आपण टाकली ती लाल दवा होती आणि हगवणीचा संशय इथल्या भाजीवर होता, हे डॉक्टरांनी सांगितलं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. पार्बताबाईनं पदर खोचला. "आमच्या भाजीनं तुमचे शिपाई बिमार पडले म्हने?"

"चुकलं माझं, बाई," डॉक्टर हळूच म्हणाले. तरण्या माणसांबरोबर त्यांनी स्वतः विहीर उपसायला हात लावला. पुन्हा दवा टाकली, ती मात्र सर्वांना सांगून.

दहाव्या दिवशी सत्तर शिपाई कवायतीला उभे राहिले. भाजी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांच्या शिफारशीवरून छावणीत नवा हुकूमही निघाला : पार्बताबाईनं तपासल्याशिवाय कचऱ्याची गाडी फाटकाबाहेर जायची नाही.

पहिल्याच दिवशी गाडीवान कुरकुरला, "मी पलटनीचा मानूस हाव!"

"मंग सलाम ठोक," पार्बताबाई म्हणाली, "आन् पोतं उघड."