फक्की कोणी पळवली?

फर्डिनंड तुस्कानो सरांना कोणी नुसतं विचारलं, "सर, आपण काय करता?" की सर आधी चष्मा काढत, तो पुसत, पुन्हा घालत आणि मग सांगत, "लोक मला कॉलेजचा मैदानी खेळांचा मुख्य प्रशिक्षक समजतात. समजू देत. तो माझा वेष आहे. मुळात मी गुप्तहेर. माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदू..." इथं सर जरा थांबत. मेंदूला शोभेल असा प्राणी त्यांना अजून सापडला नव्हता.

हे सगळं त्यांच्या मागे उभं राहून ऐकायचं काम सदानंदचं. सदानंद हा सहायक प्रशिक्षक. ऐन उमेदीत कॉलेजला लागला तेव्हा सहायक होता, आता कानशिलं पिकली तरी सहायकच होता. लांब उडीची वाळू खणायची, टेपचं दुसरं टोक धरायचं, भाले मोजून खोलीत ठेवायचे, पोरांच्या पोटऱ्यांना तेल चोळायचं. पोरगं जिंकलं की फोटोत मधोमध सर. सदानंदचा एक कोपर दरवर्षी फोटोत येई. घरी बायको तो कोपर पाहुण्यांना बोट ठेवून दाखवी.

पण यंदा दिवस फिरायची चिन्हं होती. सर महिनाअखेर निवृत्त होणार होते, आणि विभागातल्या सगळ्या कॉलेजांच्या स्पर्धा पहिल्यांदाच नंदाखालजवळच्या त्यांच्या मैदानावर ठरल्या होत्या, शनिवारी. प्राचार्या मॅडमनी सदानंदला बोलावून सांगितलं होतं, "शनिवार नीट पार पाडा, सरांच्या जागी तुमचीच शिफारस करते. गोंधळ झाला तर बाहेरून माणूस आणावा लागेल. मग माझ्याकडे तोंड वाकडं करून येऊ नका."

सदानंद कामाला लागला. बुधवारी संध्याकाळी त्यानं तोंडाला रुमाल बांधला, फक्की मारायची गाडी भरली आणि गोल धावपट्टीवर आठही पट्ट्यांच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. दरवर्षी तिनं हात चरचरायचे. यंदा चरचरले नाहीत. 'सरांनी या खेपेला चांगली फक्की आणली हं,' असं मनाशी म्हणत तो घरी गेला.

गुरुवारी सकाळी येऊन बघतो तर मैदान कोरं. एक रेघ शिल्लक नाही.

सर आले. त्यांनी बातमी ऐकली आणि त्यांचा चेहरा सणासारखा फुलला.

"सदा, कशाला हात लावू नकोस. ही गुन्ह्याची जागा आहे."

"सर, इथं वॉर्म-अप घ्यायचाय."

"गुन्ह्याच्या जागेवर वॉर्म-अप नसतो!"

सर गुडघ्यांवर बसले आणि जमिनीला नाक लावून पुढं सरकू लागले. मागं सदानंद टेप घेऊन. एका वळणावर सर थबकले. मातीत बारीक ठसे होते, तीन रेषांचे, हजारो.

"बघ! तीन खिळ्यांचे बूट. आपल्याकडे मिळत नाहीत. परदेशी माल. एकटा माणूस नव्हे, टोळी आहे. आणि चाल बघ, पावलं किती जवळ! माणसं बुटकी आहेत."

"सर, कोंबड्या आहेत त्या. मैदानामागच्या वाडीतल्या."

सरांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "सदा, कोंबडी चुना खाते?"

"नाही सर."

"मग?"

सरांनी ठशाची लांबी घेतली. टेपचं दुसरं टोक सदानंदनं धरलं.

दुपारपर्यंत सरांनी टोळीचा म्होरकाही ठरवला. सातिवलीकडच्या कॉलेजचा प्रशिक्षक संग्राम. त्याला स्पर्धा आपल्या मैदानावर हव्या होत्या. सरांनी त्याला फोन लावला आणि ओळख पटू नये म्हणून आवाज घोगरा केला.

"संग्राम, काल रात्री तू कुठं होतास?"

"कोण, तुस्कानो सर? घसा बसला काय तुमचा? गरम पाणी प्या."

"फक्कीचं बोल!"

"सर, मला माझ्या मैदानावर मारायला फक्की भेटेना. तुमची पुसायला कुठून येऊ? आणि असेल तर थोडी पाठवा की."

सरांनी फोन ठेवला. "बघितलंस? त्याला फक्की हवी आहे. कबुलीच झाली ही."

"सर, मी रेघा पुन्हा मारतो," सदानंद म्हणाला. त्याला टोळीपेक्षा शनिवारची धास्ती होती.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं पुन्हा आठही पट्ट्या आखल्या, कंबर धरली तरी. सरांनी पहारा ठेवला. अंधार पडेपर्यंत ते थाळीफेकीच्या जाळीमागे डोक्यावर केळीचं पान धरून बसले. येणारेजाणारे सगळे "काय सर, काय चाललंय?" विचारून गेले. चोर मात्र आला नाही. मग सरांना भूक लागली आणि दोघं घरी गेले.

शुक्रवारी सकाळी मैदान पुन्हा कोरं. कोपऱ्यात चारदोन कोंबड्या पोट भरल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण सर आता वाऱ्यावर संशय घेत होते. वाऱ्यानं चुना नेला असेल तर तो रेघेरेघेनंच का नेला, हा प्रश्न त्यांनी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून मोठ्यानं विचारला. उत्तर आलं ते मागून, आणि ते प्राचार्या मॅडमचं होतं.

"सर, उद्या स्पर्धा आहे. रेघा कुठं आहेत?"

सदानंद घाईघाईनं टेप गुंडाळू लागला. सर मात्र ताठ झाले.

"मॅडम, गुन्हेगार कळला. रेघा कुठं आहेत हे कोणाला ठाऊक होतं? ज्यानं मारल्या त्याला. गाडी कोणाकडे? त्याच्याकडे. सगळ्यात आधी मैदानावर कोण आलं? तोच. मॅडम, हे आतल्या माणसाचं काम आहे. मन घट्ट करून सांगतो." त्यांनी हात लांब केला. "सदानंद!"

"सर!" सदानंद म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ही जागा मिळावी म्हणून मी मरमर मरतोय, आणि मीच रेघा पुसू?"

"म्हणूनच संशय येत नाही. फार हुशार गुन्हेगार आहेस तू. मला अभिमान वाटतो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "सदानंद, मला कोणी केलं ते नको. संध्याकाळपर्यंत टिकणाऱ्या रेघा नाही दिसल्या तर मी बाहेरच्या माणसाला फोन करते."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून सरांची बायको एस्थर उतरली. मागून रिक्षावाल्यानं एक पांढरं पोतं ओढून काढलं.

"फर्डी! माझं पीठ कुठाय?"

"एस्थर, मी तपासात आहे."

"तपास गेला खड्ड्यात! रविवारी पोरीचं लग्न. आत्ता रोट्यांसाठी पोतं सोडलं, तर नाकात सरळ चुन्याचा वास! व्याह्यांना चुन्याच्या रोट्या घालू? तूच ना रे गिरणीतून पीठ अन् आगाशीच्या बाजारातून चुना एकाच रिक्षात आणलास? कुठलं पोतं कुठं टाकलंस?"

सदानंद गाडीपाशी गेला. तळाशी उरलेल्या पांढऱ्या भुकटीत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, जरा चघळलं.

"वहिनी," तो म्हणाला, "जरा जाडसर दळलंय."

एस्थरनं कोऱ्या मैदानावर नजर फिरवली, मग कोपऱ्यातल्या तट्ट फुगलेल्या कोंबड्यांवर. "अरे देवा! अर्धं वऱ्हाड इथंच जेवून गेलं की!"

मॅडमनी विचारलं, "म्हणजे मैदानावर पिठाचं पोतं टाकलं कोणी?"

सदानंदला ठाऊक होतं. पण तो चपलेनं माती उकरत राहिला. महिनाअखेरीला निघालेल्या माणसाचं नाव घ्यायला त्याची जीभ उचलेना.

सरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

"मॅडम, मी. सदाचा काही दोष नाही. त्याच्या रेघा केसभरही वाकड्या नव्हत्या. कोंबड्यांनासुद्धा सरळ चालत जेवावं लागलं." मग त्यांना राहवेना. "पण आतल्या माणसाचं काम आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. लिहून घ्या."

"घरी चल, तुला सांगते आतलं-बाहेरचं," एस्थर म्हणाली.

पोत्यांची अदलाबदल झाली. पिठाच्या पोत्यात जेमतेम उरलं होतं ते बघून एस्थर गिरणीकडे गेली आणि सरांना पोतं धरायला घेऊन गेली. सदानंदनं खरी फक्की भरली. हात चरचरले तसा त्याला धीर आला.

शनिवारी सकाळी आठही पट्ट्या दुधासारख्या लखलखत होत्या. वाडीतल्या कोंबड्या ओळीनं आल्या, एकीनं चोच मारली, मान झटकली आणि सगळ्या रुसून परत गेल्या. शर्यती वेळेवर झाल्या. संग्राम सरांना घसा कसा आहे विचारून गेला.

बक्षिसं वाटून झाल्यावर मॅडमनी सदानंदचा हात हातात घेतला. "अभिनंदन. एक तारखेपासून तुम्ही मुख्य प्रशिक्षक."

सदानंदनं विचारलं, "मॅडम, आणि सहायक?"

"ती जागा यंदा भरायची नाही, असं वरून आलंय. तुम्ही सांभाळून घ्या."

लोक पांगले. मैदानावर भाले पडले होते, अडथळे उलटे झाले होते, वाळूत खड्डे होते. सदानंद मधोमध उभा राहिला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यानं छाती पुढं काढली आणि चांगल्या खणखणीत, मुख्य प्रशिक्षकाच्या आवाजात हुकूम सोडला, "सदा, ते भाले उचल!"

"हो सर," सदानंद म्हणाला, आणि हसत हसत वाकला.