नवाबची पारख

उकर्डाजींनी पहिल्याच भेटीत मला चालून दाखवायला सांगितलं. दर्यापूरच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून लागल्यावर मी त्यांच्याकडे भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. भाडं, पाणी, लाइट यातलं काही निघायच्या आधीच ते ओट्यावरून म्हणाले, "मास्तर, त्या निंबापर्यंत जा अन् वापस या." मी गेलो आणि वापस आलो. त्यांनी मान तिरपी करून माझे पाय पाहिले, मग तोंड उघडायला लावून दात पाहिले आणि निकाल दिला, "उजवा पाय फेकता तुमी. पन पास." अशी मला ती खोली मिळाली.

उकर्डाजी बैलांचे पारखी होते. दलाल म्हटलेलं त्यांना खपत नसे. तालुक्यात कोणाला जोडी घ्यायची असली की आधी त्यांना बोलावणं जायचं. मग ते धुतलेलं धोतर नेसून बाजारात जायचे, शिंगं, खूर, खांदा बघायचे, अंगावरचे केसांचे भोवरे कुठे आहेत ते बोटाने चाचपायचे, वीस पावलं चालवून घ्यायचे आणि पास किंवा फेल म्हणायचे. मधलं काही नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा बैल त्यांनी भर बाजारात फेल केला. तेव्हापासून गिरजाकाकूंना माहेरून दिवाळीचं बोलावणं आलं नाही. काकू हे दर दिवाळीला काढायच्या आणि उकर्डाजी दर दिवाळीला सांगायचे की जनावराच्या बाबतीत खोटं बोलणं आपल्याला जमणार नाही, मग मेव्हणा असो की तहसीलदार.

माणसांनाही ते सोडत नसत. एका लग्नात ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पत्रिकेत काही लिहू द्या, नवरदेव जुळला हाये." सगळे दात येऊन जुळलेल्या, म्हणजे वय झालेल्या बैलाला जुळला म्हणतात. मला हसू आवरेना आणि वधूपक्षाचे लोक माझ्याकडे बघायला लागले. उकर्डाजी मात्र गंभीर चेहऱ्याने मठ्ठा पीत बसले होते.

पण मी राहायला गेलो ती वर्षं वाईट होती. पेपरात पहिल्या पानावर आमच्या भागाचं नाव यायचं आणि ते कधी चांगल्या कारणाने यायचं नाही. गोठे रिकामे होत होते. ज्यांना परवडे ते भाड्याने ट्रॅक्टर सांगत. बाजारात बैल यायचे ते विकायलाच, त्यांना पास-फेल करून घ्यायला कोणी थांबत नव्हतं. उकर्डाजींचा स्वतःचा गोठाही रिकामाच होता. ते दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्यांना पास-फेल करायचे आणि त्यात आमचे हेडमास्तर रोज फेल व्हायचे.

अशात मी अकोल्याला शाळेच्या तसबिरी फ्रेम करायला गेलो आणि रशीदभाईंच्या फ्रेमच्या दुकानात नवाब पाहिला. नवाब म्हणजे सरडा. पण कुंपणावरचा नव्हे. परदेशी, हिरवागार, शेपटीसकट साडेचार फूट लांब, पाठीवर काट्यांची रांग आणि गळ्याखाली लोंबती झालर. इग्वाना म्हणतात त्याला. रशीदभाईंच्या मुलाने तो मुंबईहून बोटभर असताना आणला होता. मुलगा शारजाला गेला आणि सरडा बापाकडे राहिला. आता तो दुकानातल्या वाळक्या फांदीवर ऊन खात बसायचा, आणि शेपटीच्या एका फटकाऱ्यात त्याने गिऱ्हाइकाची काच फोडली होती. मुलगा फोनवरून रोज सांगत होता की तो कोणाला तरी देऊन टाका. चांगलं घर मिळालं तर देऊ, असं रशीदभाई मला म्हणाले.

हे मी घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. उकर्डाजी हसले नाहीत. त्यांनी मला खाली बसवलं आणि विचारलं, "पोळी आहे म्हनता गळ्याले?" बैलाच्या गळ्याखाली लोंबते ती पोळी. मी म्हटलं, आहे, चांगली वीतभर. त्यांचे डोळे जे चमकले ते मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझं शाळेत लक्ष लागू दिलं नाही त्यांनी. मधल्या सुट्टीत फाटकाशी येऊन उभे. खातो काय? पाणी किती? दात किती? मी सायबर कॅफेत जाऊन पानं छापून आणली आणि ओट्यावर बसून ती मराठीत करून वाचून दाखवली. हा प्राणी फक्त पाला, फुलं आणि भोपळा खातो हे ऐकून ते खूश झाले. दिवसभर काम काय करतो, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, झाडावर बसतो, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे माह्यासारखाच."

आपली घोरपड पाळायचं नाव काढलं तर वनखातं आत टाकतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून हा खरोखर परदेशातलाच आहे ना, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग तयारी सुरू झाली. गोठा झाडला, सारवला. बैलाची गव्हाण फार उंच पडेल म्हणून विटांची चार बोटं उंचीची नवी गव्हाण बांधली. आढ्याला बाभळीची फांदी टांगली. थंडीत त्याला ऊब लागते, बल्ब लावून ठेवावा लागतो, असं कागदात होतं. आमच्याकडे तेव्हा दिवसातून बारा तास लोडशेडिंग. त्यावर उकर्डाजींनी पोत्यात कडबा भरून गादी केली आणि चुलीत विटा तापवून फडक्यात गुंडाळून तीत ठेवायच्या असं ठरवलं. या गादीवर आधी माझी चाचणी झाली. उबदार होती, खोटं कशाला बोलू.

गिरजाकाकूंचा मात्र साफ नकार. "पाल दिसली तं मी झाडू घेऊन धावतो अन् हे पालीचा आजा घरात आणून राहिले," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. मग एका दुपारी मी कागदातलं पुढचं वाचलं की या प्राण्याच्या डोक्यावर, मधोमध, एक तिसरा डोळा असतो. त्याला दिसत नाही, पण उजेड कळतो. काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "तिसरा डोळा? खरोखरचा?" मी छापील कागद दाखवला. त्या दिवसापासून बोलणं कमी झालं आणि सोमवारी त्या मला म्हणाल्या की महादेवाचंच काही असलं तर आपण कोण नाही म्हणणार.

जनावर पाहायला दिवस बघून जायचं असतं. अमावास्या टाळून रविवार ठरला. उकर्डाजी धुतलेलं धोतर नेसले, डोक्याला नवं उपरणं गुंडाळलं, पिशवीत नारळ घेतला आणि नवा विणलेला बारीक कासरा. विकणारा आपलं दावं देत नसतो, घेणाऱ्याने दोर न्यावा, ही आमच्याकडची रीत. अकोल्याच्या गाडीत त्यांना मला किती सांगू असं झालं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, पाव्हणे सोयरिकीले चालले काय? ते अभिमानाने म्हणाले, "त्याहूनही मोठं काम हाये, बाई."

रशीदभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं. मागच्या अंगणात नवाब उन्हात पसरला होता. उकर्डाजी तीन पावलं अलीकडेच थांबले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी काम सुरू केलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांना पारख करताना कधी पाहिलंच नव्हतं. बडबड एकदम बंद. उकिडवे बसून त्यांनी आधी आपला हात नवाबला हुंगू दिला. नवाबने जीभ लावून पाहिली. मग नखं पाहिली, पोळी बोटांवर तोलली, पाठीचे काटे हळूच मोजले, शेपटीच्या मुळाशी दाबून पाहिलं. "चालवून दाखवा," ते म्हणाले. रशीदभाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि हाक मारली, "नवाब, इधर आ बेटा." आणि ते एवढं धूड चारही पाय फेकत, शेपूट ओढत, सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन चढलं. रशीदभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"खाना टाइम पे देना पडता," रशीदभाई सांगायला लागले. "जास्वंदाचं फूल सकाळी. भोपळा किसून, नाही तं गळ्यात अटकते. घरवाली गेली तेव्हापासून मी अन् हा, दोघंच जेवतो. याले आधी, मग मी." सांगताना ते आमच्याकडे बघत नव्हते. जास्वंदाचं त्यांनी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा सांगितलं. पाठीवरचा हात तसाच होता.

मी नारळ पिशवीतून काढला. उकर्डाजींनी माझं मनगट धरलं आणि नारळ परत आत ठेवायला लावला. ते उठले, नवाबजवळ गेले, वाकून त्याच्या खांद्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"फेल," ते म्हणाले.

रशीदभाईंनी वर पाहिलं. "क्या हुआ, साहेब?"

"खांद्यावर भोवरा हाये. या भोवऱ्याचं जनावर घर बदललं की आठ दिवस टिकत नाही. तुमच्या पोराले सांगा, दर्यापूरचा पारखी येऊन पाहून गेला. याले हलवू नका."

भोवरा केसांचा असतो. सरड्याच्या अंगावर केस कुठून येणार? नवाबच्या खांद्यावर खवल्यांशिवाय काही नव्हतं, ते मला दिसत होतं, उकर्डाजींना दिसत होतं आणि त्याला पाच वर्षं रोज अंघोळ घालणाऱ्या रशीदभाईंना तर दिसतच होतं. रशीदभाई काही वेळ त्या खांद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हौ. है भोवरा. मैंने ध्यानच नहीं दिया." आणि चहा करायला म्हणून आत गेले. चहाला फार वेळ लागला. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

परतीच्या गाडीत उकर्डाजी खिडकीशी बसले. कासरा मांडीवर होता. मूर्तिजापूर आलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, एवढी तयारी केली, काकूंनासुद्धा राजी केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जनावराच्या बाबतीत खोटं बोललात, काहून?

"त्याचा हात पाह्यला काय तुमी?" असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "मास्तर, जनावर देताना मालकाचा हात पाठीवरून निंघत नाही. चाळीस वर्सं मी तो हात पाहून राहिलो. अन् इकडं तोंडानं पास म्हनून राहिलो. मी पास म्हनलो की कासरा बदले. मानूस घरी जाये रिकामा दोर घेऊन. त्या हातासाठी मले एकदा तरी फेल म्हनता आलं असतं ना? जनावर चांगलं होतं म्हनून नाही म्हनलो." एवढं बोलून त्यांनी उपरण्याने चेहरा पुसला. मला त्या माणसाचा फार लळा लागला होता, हे मला त्या गाडीत कळलं.

घरी काकू दारातच होत्या. पिशवीत डोकावल्या, मागे रस्त्याकडे पाहिलं. फेल झाला, एवढंच ते म्हणाले. काकूंनी किसलेल्या भोपळ्याचं ताट आत नेलं आणि त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी भोपळ्याचे घारगे खाल्ले. पुढचे काही दिवस ओट्यावरून कोणी पास झालं नाही की फेल झालं नाही. हेडमास्तर दोनदा गेले, तरी नाही.

दहाव्या दिवशी माझ्या मोबाइलवर रशीदभाईंचा फोन आला. आवाज जरा अवघडलेला होता. म्हणाले, "उस्तादले सांगा, भोवरा थोडा सरकल्यासारका दिसते. एक बार येऊन पाहून जावा. इतवारले दुकान बंदच असते. जेवायलाच या म्हना."

मी निरोप सांगितला. उकर्डाजींनी तो पुन्हा एकदा, शब्दन् शब्द, सांगायला लावला. मग आत जाऊन काकूंना विचारलं की धोतर धुतलेलं आहे काय. काकूंनी विचारलं, कुठं चालले? "बोलावनं आलं," ते म्हणाले. रविवारी मीही निघालो होतो, पण त्यांनी हाताने मला बसायची खूण केली आणि जास्वंदाच्या फुलांची पिशवी सांभाळत एकटेच स्टँडकडे गेले. गाडीला अजून तासभर होता.