एकशे बासष्टची बढती

माणूस किती कष्ट करतो हे त्याला स्वतःला कळत नाही. ते त्याच्या घड्याळाला कळतं. या सत्याचा शोध कार्यालयाच्या आरोग्य समितीला लागला, तेव्हा तिने सर्वांच्या मनगटांवर ठोके मोजणारी घड्याळं बांधली. जिना चढताना ठोके एकशे तीसच्या वर गेले तर माणूस 'उद्यमी', नाही तर 'आळशी'. आळशाला बढती नाही. (समितीचे अध्यक्ष लिफ्टने येत. जिन्यावर देखरेख वरूनच नीट होते.)

स्टोअरकीपर काकांची कित्येक वर्षं रखडलेली बढती यंदा व्हायची होती. पण काका हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी घेत. पाच मजले चढताना त्यांच्या तोंडाला फेस येई, शर्ट पिळून काढावा लागे, आणि घड्याळ म्हणे : शहाण्णव, थोडा प्रयत्न करा. हिशेब विभागातले साहेब मात्र जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या बसल्या फोनवर मेव्हण्याशी भांडत आणि दर आठवड्याला 'उद्यमी' ठरत.

"अहो, ती गोळी ठोके वर जाऊच देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा सोडा, दम बघा. चढताना बोलता आलं म्हणजे झालं, गाता नाही आलं तरी चालेल. आणि गोळी मनानं बंद करायची नाही, सांगून ठेवते!"

काकांनी हे समितीला कळवलं. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. घड्याळात दमाची सोय नसल्याने दम ग्राह्य धरता येत नाही, असं ठरलं. (गाण्याचा मुद्दा सांस्कृतिक समितीकडे वर्ग करण्यात आला.)

मग काका रोजची गोळी गुपचूप उशीखाली सारू लागले.

"चेहरा बघा कसा झालाय तुमचा!" काकू म्हणाल्या.

"बढतीच्या आधी असाच होतो," काका म्हणाले. मनातून मात्र ते पार घाबरले होते.

बढतीसाठीच्या जिना-चाचणीच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच काका छाती धरून पायरीवर बसले. सगळे धावले.

"कसे आहेत?" अध्यक्षांनी लिफ्टमधून डोकावून विचारलं.

सगळ्यांनी वाकून काकांचं मनगट पाहिलं. "एकशे बासष्ट!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी उशीखाली सापडलेल्या गोळ्या मुठीत धरून काकू धापा टाकत जिना चढून आल्या, त्या या टाळ्यांतच. त्यांच्याकडे घड्याळ नसल्यामुळे त्यांना नवऱ्याचा चेहरा बघावा लागला. रुग्णवाहिका त्यांनीच बोलावली.

काका वाचले. बढतीचा आदेश त्यांना इस्पितळात मिळाला. सोबत काकूंसाठी एक घड्याळ.

हसताय काय? वाचता वाचता तुम्हीही आपले ठोके हळूच बघितलेतच की. शेजारच्या खोलीत मघापासून कोण धापा टाकतंय, ते बघायला मात्र उठला नाहीत.