पडद्याच्या डावीकडे दसरूभाऊ

एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला नीट ओळखायला हवं आणि भाषाही हाताशी हवी. माझ्याकडे दोन्ही अर्धंच आहे. आमच्या घरात सहीच्या पलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेचे पेपर सोडले तर एवढं मोठं काही कधी लिहिलेलं नाही. तेव्हा चुकेल तिथे वाचकांनी समजून घ्यावं. दसरूभाऊ शेजारी बसले असते, तर मी अडायच्या आधीच त्यांनी पुढचा शब्द सांगितला असता.

त्यांची खोडच ती. त्यांच्यासमोर कोणालाही वाक्य पूर्ण करता येत नाही. चंद्रपुरात माझ्या भाड्याच्या खोलीला लागून त्यांची खोली. मी राहायला आलो त्याच दिवशी किराणा दुकानात "अर्धा किलो..." म्हणून जरा थांबलो, तर पाठीमागून कुजबुज आली, "तूरडाळ." मला तांदूळ हवे होते. पण त्या आवाजात असा काही भरवसा होता की मी मुकाट्यानं तूरडाळ घेऊन आलो.

वॉर्डातल्या एका शोकसभेत पुढाऱ्यांचं भाषण "त्यांच्या जाण्यानं..." इथे येऊन अडकलं. खुर्च्यांमागून आवाज आला, "पोकळी." "पोकळी निर्माण झाली आहे!" पुढारी सुटले. नळावर दोन बायकांचं भांडण जुंपलं होतं, तेव्हा तर कहरच झाला. एकीचा दम संपला की दसरूभाऊ तिला हळूच शब्द द्यायचे, मग तितक्याच आपुलकीनं दुसरीला. शेवटी दोघी मिळून त्यांच्यावर धावल्या.

"भाऊ, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं होता?" मी विचारलं.

"प्रॉम्टर कोनाच्याच बाजूचा नसते, बाबू. सीन पडू द्याचा नाई, एवढंच."

दसरूभाऊ तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्टर होते. आमच्याकडे धानाची कापणी झाली की गावोगावी नाटकं लागतात. नट ऐनवेळी येतात. काहींनी तर नाटक धड वाचलेलंही नसतं. विंगेत बसलेला प्रॉम्टर अख्खं नाटक हळू आवाजात म्हणतो आणि नट ते झेलून पुढे फेकतात. "नट म्हंजे भोंगा," दसरूभाऊ म्हणायचे. "बोलते तं मीच." आता वय झालं. मंडप डेकोरेशनवाल्याकडे खुर्च्या सांभाळतात.

खुर्च्यांसोबतच ते आमच्या कॉलेजात आले. तीन दिवसांचा माहितीपट महोत्सव होता. साहस, चळवळी, जंगल, पाणी असे विषय. मी स्वयंसेवक होतो. बहुतेक चित्रपट इंग्रजीत, खाली अक्षरंही इंग्रजीतच, आणि ती वाचून होण्याआधी पळायची. अर्ध्या सभागृहाला काही कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड असल्यामुळे मी मान हलवत होतो.

दसरूभाऊ सकाळी आवाज तपासायच्या वेळी सगळे चित्रपट पाहून घ्यायचे. आमचे सर संयोजक होते. कोण काय म्हणतंय, हे दसरूभाऊ त्यांना विचारून घ्यायचे. मग प्रत्यक्ष खेळाला पडद्याच्या डाव्या बाजूला बादली पालथी घालून बसायचे. बर्फाच्या कड्यावर एक गोरा माणूस दोराला लटकलेला, दाढीत बर्फ. त्यानं तोंड उघडायच्या आधी डावीकडून यायचं, "मांगं फिरलो तं लोक का म्हनतीन?" मग तो गोरा इंग्रजीत काहीतरी बोलायचा. परदेशातली एक बाई झाडाला मिठी मारून पोलिसांपुढे उभी. डावीकडून, "आंगाले हात लावाचा नाई, साहेब."

पहिल्या दिवशी सात-आठ जण सरकून डावीकडे बसले. दुसऱ्या दिवशी डावी बाजू भरून लोक उभे आणि उजवीकडे रिकाम्या खुर्च्या. सर चिडून तपासायला गेले आणि तिथेच बसून अख्खा चित्रपट पाहिला. उठून त्यांनी दसरूभाऊंपुढे माइक धरला.

"नाई, नाई," दसरूभाऊ दचकून मागे सरले. "प्रॉम्टर साऱ्याईले आयकू आला तं तो प्रॉम्टर कायचा?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आपल्याच भागातला एक माहितीपट होता. गडचिरोलीकडच्या गावात बायकांनी दारूच्या भट्ट्या कशा बंद पाडल्या, त्यावर. पेनड्राइव्ह ऐनवेळी पोचला, त्यामुळे सकाळी कोणीच तो पाहिला नव्हता. शिवाय मराठीच. मी म्हटलं, "भाऊ, आज तुम्हाला सुट्टी." ते हसले आणि सवयीनं बादलीवर जाऊन बसले.

पडद्यावर फुटलेल्या मडक्यांच्या ढिगाजवळ एक म्हातारी बाई उभी होती. ताठ मान, खणखणीत आवाज. "पोलीस म्हने, बाई, तू काऊन मधात येतेस? मी म्हनलं, साहेब, मडकं भट्टीवाल्याचं हाय, पन..."

ती थांबली. डोळे कॅमेऱ्यावरून सरकले आणि बाजूला कुठेतरी गेले.

"घर आमचं हाय," डावीकडून आवाज आला.

"घर आमचं हाय!" पडद्यावरची बाई म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र दसरूभाऊंकडे पाहत राहिलो. चित्रपट संपेपर्यंत त्यांनी आणखी एक शब्दही दिला नाही.

खुर्च्या गोळा करताना मी विचारलं, "भाऊ, तुम्ही तर हा पाहिलाच नव्हता. मग कसं कळलं?"

"कुसुमबाई होय ते," ते खुर्चीवर खुर्ची ठेवत म्हणाले. "एकवीस वर्सं तिले शब्द देल्लो. कुठी अडकते, कायनं सुटते, मले नाई समजन तं कोनाले समजन?"

मग हळूहळू निघालं. कुसुमबाई त्यांच्या कंपनीतली मुख्य नटी. एका हंगामाला ती आलीच नाही. कोणी म्हणे मुलाकडे गेली, कोणी म्हणे आजारी आहे. पुढे दरवर्षी पहिल्या प्रयोगाला दसरूभाऊ दोन तास आधी जाऊन बसत. तिच्यानंतर दोन नट्या आल्या. "चांगल्या होत्या पोट्ट्या," ते म्हणाले. "पन त्या कधी अडकतच नोत्या."

"तुम्ही तिला कधी काही बोलला नाही?"

"बोललो ना. एकवीस वर्सं बोललो." त्यांनी ढिगावर आणखी एक खुर्ची ठेवली. "पन माहा एक शब्द नोता त्याच्यात. सारे नाटक लिहिनाऱ्याचे."

चित्रपटाच्या शेवटी बनवणाऱ्यांचा ईमेल होता. "एक चिठ्ठी धाडता येईन का, बाबू? कुठी राहते, बरी हाय का, एवढंच इचाराचं." मी मोबाइल काढला आणि टाइप केलं : कुसुमबाईंना नमस्कार. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. साऱ्या वॉर्डाला शब्द पुरवणारा माणूस घामाघूम झाला होता.

"खुशाल असाल," मी हळूच म्हटलं.

"खुशाल असान," ते घाईनं म्हणाले. "हो, हो, तेच लिवा."

पुढचं सगळं मीच सांगितलं आणि ते माझ्यामागून म्हणत गेले. शेवटी मी विचारलं, "आणखी काही?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी पाठवायला बोट नेलं तेवढ्यात म्हणाले, "थांबा. लिवा, तुमची आठवन येते." आणि उठून नळाखाली हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

उत्तर येईना. संध्याकाळी मी सायकल टेकवली की दारातून आवाज यायचा, "आलं?" मी मान हलवायचो. पुढे पुढे ते विचारायचेही नाहीत, नुसते दारात उभे राहायचे. मी पुन्हा मेल केला, मग पुन्हा. एकदा मनात आलं, खोटंच उत्तर लिहून वाचून दाखवावं. पण मला कुसुमबाईंचे शब्द कुठून येणार? दरम्यान दसरूभाऊंची खोड कमी होत गेली. किराणा दुकानात मी मुद्दाम "अर्धा किलो..." म्हणून थांबून पाहिलं. मागे ते होते, पण काही बोलले नाहीत.

मागच्या आठवड्यात चित्रपट बनवणाऱ्या ताईंचा निरोप आला. मेल उशिरा पाहिला म्हणून त्यांनी माफी मागितली होती. सोबत कुसुमबाईंच्या मुलाचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. मुलचेऱ्याजवळच्या गावात तो शेती करतो. मी फोन दसरूभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"काका, तुमची चिठ्ठी आईले देल्ली. तिनं सोताच वाचली, दोनदा वाचली. म्हने, त्याईले म्हना, या. पन एक सांगतो, काका. ते फिल्म काढली ना, त्याच्या पुढच्या वर्सी आईचे कान गेले. आता काईच आयकू येत नाई तिले. ओठ पाहून समजते. तुमी या आन तिच्या समोर बसा, उजेडात. मंग तुमी जे बोलान ते समजन तिले."