हौद्यातला संसार

"आजची एक फेरी. मला आवडली तर ठेवा, नाहीतर उद्या सकाळी भट्टीवाला येऊन गाडी घेऊन जाईल," बायकोने हौद्यात चढायच्या आधीच बजावलं आणि उस्ताद एका पायावर तयार झाले. आपल्या गाडीवर त्यांचा तेवढा भरवसा होता.

उस्ताद म्हणजे दगडाच्या खाणीवर तीस वर्षं डंपर हाकलेला माणूस. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांचा डंपरही भंगारात निघाला. म्हातारपणी लोक काठी घेतात, यांनी तोच दहा चाकांचा डंपर विकत घेतला! आठ महिने ठोकाठोक करून हौद्यावर पत्र्याची खोली उभी केली. दोन पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. वरून बिजागरीवर झुलणाऱ्या मागच्या फाळक्यालाच रंग देऊन दार केलं. हौदा उचलून माल ओतायचा जॅक तेवढा तसाच ठेवला. धडधाकट वस्तूला उगाच कशाला हात लावा, असं त्यांचं म्हणणं. "डांबर संपलं की आपला रस्ता सुरू!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते समोरून येताना दिसले की शेजारी गल्ली बदलत.

विटांच्या भट्टीचं गिऱ्हाईक मेहुण्याने आणलं होतं. त्यामुळे साक्षीदार म्हणून तोही हजर होता. "घर कशाला बांधलंय मग? बसा दोघं मागे आरामात," म्हणत उस्तादांनी बहीण-भावाला वर चढवलं आणि गाडीला स्टार्टर मारला.

डांबर संपलं. मग खडक लागले, कोरडा ओढा लागला, ओढ्यापलीकडे उभा चढ लागला. डंपर कशालाही दाद देईना. उस्तादांच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा शिरला होता. केबिनच्या पाठीमागे त्यांनी वीतभर खिडकी पाडली होती, तिच्यातून ते सारखे ओरडत होते.

"कसं वाटतंय?"

"भाऊजी, आतडी घशाशी आलीत!" मेहुणा किंचाळला.

"म्हणजे मजा येतेय! अजून खरा चढ पुढेच आहे!"

बायको मात्र गप्प होती. उस्तादांचा जीव टांगणीला लागला. पण माथ्यावर पोचता पोचता खिडकीतून तिचा आवाज आला, "अगं बाई! अहो, तळं बघा खाली केवढं! इथेच थांबवा, इथेच!"

झालं! जिंकलो! उस्तादांना आभाळ ठेंगणं झालं. दार उघडताच तिला समोर तळं दिसावं म्हणून त्यांनी हिरवळीवर झोकात रिव्हर्स घेतला आणि ब्रेक मारला.

आणि हात आपलं काम करून मोकळा झाला. तीस वर्षं, दिवसाला दहा खेपा. जागेवर आलं, रिव्हर्स घेतला, ब्रेक मारला, की डावा हात खालचा दांडा ओढतो. त्यात उस्तादांचा काही संबंधच नसतो. हौदा वर जाईपर्यंत ते आरशात बघून मिशा सारख्या करतात, तशा त्यांनी त्या आजही केल्या. मागे घरंगळण्याचा ओळखीचा आवाज सुरू झाला. आज खडी एवढी का ओरडतेय, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि मग त्यांना दरदरून घाम फुटला.

आरशात पाहतात तो फाळका सताड उघडा. आधी भांडी गेली, मग पान्यांची पेटी, मग बटाटे, मग पिठाचा डबा आणि त्याला कवटाळून मेहुणा. सगळ्यात शेवटी, गादीवर मांडी घातलेली बायको अगदी सावकाश घसरत आली आणि गादीसकट हिरवळीवर टेकली. "अहो, अहो, अहोऽऽ!" एवढंच काय ते ती वाटेत बोलली.

उस्ताद धावत मागे गेले. "लागलं का गं कुठे?"

तिने नुसती नकारार्थी मान हलवली. ती ओरडली असती तर परवडलं असतं. मेहुणा मात्र नखशिखांत पांढरा होऊन उठला.

"बघितलंस ताई? माणसं ओतली यांनी! जिवंत माणसं! थांब, भट्टीवाल्याला आत्ताच फोन लावतो."

"लाव बाबा," उस्ताद म्हणाले. "घेऊन जाऊ दे. हाताला कळलंच नाही गं, की मागे तू आहेस."

"दे इकडे तो फोन," बायको म्हणाली. "हां, भट्टीवाले? गाडी विकायची नाही. ठेवते."

मेहुण्याचा आ वासलेलाच राहिला. "ताई, तुझ्या डोक्याला मार लागलाय."

"डोकं ठिकाणावर आहे माझं. तीस वर्षं हे रोज घरी येऊन सांगणार, आज कोल्हा आडवा गेला, आज डोंगरावर ढग उतरले होते. खडीने सगळं पाहिलं, मी काय पाहिलं? आणि आज एवढं हौसेने फिरायला आणलं, तर बसवलं कुठे? ओट्याशी! तळं बघायचं तेही वीतभर खिडकीतून! ते काही नाही. परत जाताना मी पुढे बसणार."

उस्तादांना हसावं की रडावं कळेना. ते चक्क गादीवर तिच्या शेजारी बसले आणि मग एकदम गोरेमोरे झाले.

"अगं, पण पुढे जागा कुठाय? क्लीनरची सीट काढून मी तिथे घराची बॅटरी बसवलीय."

"मग तिला टाका मागे."

"छे छे, मागे कशी टाकणार?" उस्ताद कळवळून म्हणाले. "मागे फार धक्के बसतात. नाजूक असते ती!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. बायको नुसती बघत राहिली. मेहुण्याने शहाणपणाने तळ्याकडे तोंड फिरवलं. उस्ताद निमूटपणे उठले आणि पिठात पाना शोधू लागले.