माणशी दोनच मासे

पुढे जे सांगितलं आहे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि आमचा तसा आग्रहही नाही. पण याहून कितीतरी कच्च्या गोष्टींवर भल्याभल्यांनी विश्वास ठेवलेला आम्ही पाहिला आहे, एवढं नम्रपणे नमूद करतो.

सरकारने मनाई केल्याखेरीज एखादी गोष्ट आपल्याला किती जिवापाड प्रिय होती हे नागरिकाला कळत नाही. गावाबाहेरच्या तळ्यावर हौस म्हणून गळ टाकून बसणारी मंडळी होती पंधरा-वीस. मत्स्य खात्याने तिथे पाटी ठोकली आणि त्या एका दिवसात ही संख्या चार हजारांवर गेली (पैकी निम्म्यांना तळं कोणत्या दिशेला आहे ते विचारावं लागलं).

पाटी साधी होती. हौशी लोकांनी दिवसाला माणशी दोनच मासे न्यावेत. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडावा. खाली सही, शिक्का आणि एका कावळ्याने वरून दिलेला अभिप्राय.

ती पहिल्यांदा वाचली चष्मेवाल्यांनी. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाला स्वतः काही वाचायचा प्रसंग क्वचितच येतो. त्यांनी वाचलं आणि खात्री करायला पुन्हा एकदा वाचलं.

दोन माशांची मर्यादा त्यांना जाचणार होती अशातला भाग नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकही मासा लागला नव्हता. गांडुळाची त्यांना दया येई आणि किळसही येई, म्हणून ते नुसताच गळ पाण्यात सोडत. तळ्याचं महत्त्व वेगळंच होतं. दर रविवारी त्यांचे थोरले मेहुणे जेवायला येत आणि दिवेलागणीपर्यंत आपल्या पचनाची हकीकत क्रमवार सांगत. तळ्यावर गेलेला माणूस घरी नसतो, हा मासेमारीचा सर्वांत मोठा गुण आहे. दुर्दैवाने जाणकारांनी त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

हात हलवत परत येण्याचा खुलासा चष्मेवाल्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी देऊन टाकला होता. "मिळाले वीसेक. दिले सोडून. त्यांनाही जीव आहे गं." बायकोने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या नवऱ्याला ऐकवलं, आणि गल्लीत मऊ काळजाचा माणूस म्हणून चष्मेवाल्यांचं नाव झालं.

तळ्याकाठी एक शिस्त होती. प्रत्येकाजवळ बादली असे, बादलीवर झाकण असे, आणि दुसऱ्याच्या बादलीत कुणी डोकावत नसे. "काय, कसं काय?" असं विचारायचं, "आहे, बरं आहे" असं उत्तर यायचं. निघताना बादली उचलायची ती एका अंगाला जरा कलून, जड असल्यासारखी. कसलाही दंड नसताना इतकी काटेकोर पाळली जाणारी शिस्त आम्ही तर दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता अफवांकडे वळू. "दोनच का?" असं बेकरीवाल्याने सकाळी सहज विचारलं. "उरलेले मग कुणासाठी?" प्रश्नाला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत उरलेले मासे एका परदेशी कंपनीला विकले गेले होते. संध्याकाळी त्यांच्या शेपट्यांवर नंबर टाकायचं काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी घरोघरचे गळ पोलीस चौकीत जमा होणार असल्याचं ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी घरातल्या काचेच्या पेट्यांवर धाड पडणार म्हणून दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातले शोभेचे मासे कवळ्या भिजवायच्या भांड्यात हलवले (कवळी न्यायला आलेल्या एका आजोबांनी तेव्हापासून दात लावणं सोडलं आहे). बेकरीवाल्याने माशाच्या आकाराच्या बिस्किटांच्या शेपट्या मोडल्या आणि ती अंडाकृती म्हणून विकायला काढली. औषधांच्या दुकानांतून माशाच्या तेलाच्या गोळ्या नाहीशा झाल्या.

एका वर्तमानपत्राने जनमताची पाहणी केली. एक्क्याण्णव टक्के लोक संतापले होते, सहा टक्के फार संतापले होते आणि उरलेल्या तीन टक्क्यांनी, आपण मासे खात नसलो तरी या संतापात मागे राहणार नाही, असं कळवलं.

अफवांवर विश्वास ठेवू नये, असं पत्रक खात्याने काढलं. तोवर ज्यांचा विश्वास बसला नव्हता त्यांचा त्या पत्रकाने बसला.

शेवटी शाळेच्या सभागृहात जाहीर सुनावणी ठेवण्यात आली. खात्याचे साहेब आले. ते किरकोळ अंगाचे, अत्यंत सभ्य गृहस्थ होते आणि समोरचा बोलतो ते खरंच असतं असं मानण्याची त्यांना वाईट खोड होती.

"नियम तुमच्या सोयीसाठीच आहे," साहेब म्हणाले. "यात तुमचं काय बुडतं ते फक्त सांगा. पटलं तर पाटी आजच काढतो."

बेकरीवाला उठला. "साहेब, मी रोजचे पंधरा नेतो. दोनावर कसं भागायचं?"

"पंधरा?" दातांचे डॉक्टर बसल्याजागीच म्हणाले. "पंधरा तर माझे पहिल्या चहाच्या आत होतात."

मग काय, सभागृहाला रंग चढला. कुणी तीस सांगितले, कुणी पन्नास. एका गृहस्थांना मासा ओढायला दोन्ही जावई बोलवावे लागले होते. चष्मेवाल्यांची पाळी आली तेव्हा तिसऱ्या रांगेत त्यांची बायको आणि तिच्या शेजारी थोरले मेहुणे बसलेले होते.

"वीस," चष्मेवाले म्हणाले. "पण मी सोडून देतो." टाळ्या पडल्या.

साहेबांनी फळ्यावर बेरीज मांडली, तिला वर्षाच्या दिवसांनी गुणलं आणि मागे सरून उत्तराकडे पाहत राहिले. आकडा अकरा लाखांच्या पुढे गेला होता.

"परिस्थिती इतकी हाताबाहेर गेली असेल याची खात्याला कल्पना नव्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढ्याशा तळ्यातून वर्षाला एवढे मासे गेल्यावर तिथे राहिलंय काय? दोनाची मर्यादा मी मागे घेतो. तळं पाच वर्षं पूर्ण बंद. काठावरही कुणी बसायचं नाही. हरकत असेल तर आत्ताच बोला."

हरकत कुणाचीच नव्हती. सभागृहात उलट समाधानाची लाट उसळली. बंदीच येणार होती, आम्ही आधीपासून सांगत होतो, असं जो तो शेजारच्याला सांगू लागला. आपण उठवलेली अफवा खरी ठरल्याचा आनंद अपत्यप्राप्तीच्या खालोखाल असतो.

मेहुणे मागच्या रांगेतून पुढे वाकले आणि त्यांनी चष्मेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं हो. रविवारी तुम्ही कधी सापडतच नाही. आता निवांत बोलू. आतड्यांचं अजून सगळं राहिलंय."

पाच वर्षांचे रविवार चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोरून रांगेने गेले. ते उठून उभे राहिले.

"साहेब, मी आजवर एकही मासा पकडलेला नाही."

बेकरीवाल्याने त्यांचा सदरा खाली ओढला. "चष्मेवाले, बसा खाली. कुठल्या कंपनीने गाठलं तुम्हाला?"

"कंपनीबिंपनी काही नाही. आणि माझं सोडा, इथल्या कुणीच पकडलेला नाही. बादल्या रिकाम्या असतात सगळ्यांच्या."

"डोकावलात तुम्ही?" दातांच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

सगळ्यांच्या माना चष्मेवाल्यांकडे वळल्या. हा आरोप साधा नव्हता.

"छे, छे. डोकावलो नाही."

"मग कशावरून म्हणता?"

चष्मेवाले ओढला गेलेला सदरा नीट करू लागले. साहेब मात्र पद्धतीचे पक्के होते. "यांच्या म्हणण्यावर कुणाचा विश्वास असेल तर हात वर करा. तळं चालू ठेवायचा विचार करता येईल."

एकही हात वर गेला नाही (तुमचाही गेला नसता. शेवटी त्यांच्या गळाला एखादा तरी मासा लागणार, असं धरूनच तुम्ही इथवर आलात).

एवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली आणि चष्मेवाल्यांची बायको उभी राहिली.

"साहेब, खोटं बोलतायत ते. दर रविवारी वीस. तुम्हाला काय वाटेल ते सांगोत, माझ्याशी खोटं बोलायची त्यांची छाती नाही."